राजाच्या तोंडावरचं कापड

(रत्नागिरी, १९८४. सकाळ. विमलाच्या घराची पडवी. गडग्यापलीकडे मलकाबाईंचं बंद दार.)

विमला : मलकाबाईंनी मला आधी बजावलं होतं, दानियलकाका. मीच हसण्यावारी नेलं.

दानियलकाका : काय बजावलंन? नीट सांग गो. पालीच्या एस्टीतून आत्ता उतरतोय मी. मलकाचा नवरा सिमसन जाऊन आज सातवा दिवस. इथे आम्हा बेने इस्रायली ज्यूंत आता हिब्रू वाचणारं कोणी उरलं नाही, म्हणून प्रार्थनेला मी आलो, तर तू मध्येच बसवून घेतलंस.

विमला : सिमसनबाबांना ताप चढला तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. कॉलेजात प्रथमोपचार शिकलेले. म्हटलं, ओलं कापड ठेवा, उतरेल. तर मलकाबाई म्हणाल्या, नको ग, आमच्या शास्त्रात एका आजारी राजाला असंच भिजवलेलं कापड घातलं आणि तो मेला. मी म्हटलं, त्या राजाला कुठे डॉक्टर होता.

दानियलकाका : बरोबर सांगितलंन तिने. दमास्कसचा राजा. चाकराने कापड पाण्यात बुडवलंन, तोंडावर पसरलंन. राजा गेला, चाकर गादीवर बसला.

विमला : कापड कसलं पण? जाड की पातळ? तुम्ही मूळ हिब्रू वाचता ना?

दानियलकाका : मखबेर. चाळीस वर्षं वाचतोय. अख्ख्या शास्त्रात तो शब्द तिथे एकदाच येतो. एकदाच भेटलेल्या माणसाचा स्वभाव कसा सांगू? माझे वडील गोधडी सांगायचे. मुंबईचे एक गुरुजी म्हणाले, चाळणीसारखं विणलेलं काहीतरी, मच्छरदाणीसारखं.

विमला : मच्छरदाणी भिजवली तर गारवा येईल. माणूस मरणार नाही.

दानियलकाका : नाही ना. म्हणून कोणी म्हणतात, चाकर बिचारा ताप उतरवत होता, राजा आपल्या मरणाने गेला.

विमला : आणि गोधडी असली तर?

दानियलकाका : मग गुदमरला. तुला कशाला हवंय ते?

विमला : मी नुसतं कापड म्हटलं, काका. कुठलं, कुठे ठेवायचं, काही सांगितलं नाही. माझ्या मनात कपाळावरची पट्टी होती. माझी केतकी रडायला लागली म्हणून घरी आले. सकाळी बाबा गेल्याचं कळलं. दुपारी बघते तर त्यांच्या मागच्या वलणीवर गोधडी. निथळत होती.

दानियलकाका : हात्तिच्या. आमच्यात मरण झालं की घरातलं भरलेलं पाणी ठेवत नाहीत. दफनाला आलो तेव्हा हंडा-कळशा मीच ओतल्या, मागच्या खोलीत. भिजली असेल त्यात.

विमला : तिथे होती गोधडी? बघितलीत तुम्ही?

दानियलकाका : कोपऱ्यात काहीतरी होतं... नाही गो, आठवत नाही.

विमला : मग तुम्ही विचारा त्यांना.

दानियलकाका : काय विचारू? बाई, तूच का नवऱ्याचं तोंड झाकलंस?

विमला : मी पहिल्या दिवशी उंबऱ्यापर्यंत गेले होते. त्या खाली चटईवर बसलेल्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, तुझी पोर बरी आहे ना? का विचारलं असेल तसं?

दानियलकाका : शेजारीण विचारते तसं.

विमला : की माझ्यामुळे त्यांचं माणूस गेलं, म्हणून?

दानियलकाका : आत कोण कण्हतंय?

विमला : केतकी. आठ महिन्यांची आहे हो. कालपासून ताप. डॉक्टरांनी औषध दिलंय, ओल्या पट्ट्या ठेवायला सांगितल्यात. वाटीत पाणी काढून ठेवलंय. फडकं उचलते आणि खाली ठेवते.

दानियलकाका : घेऊन ये तिला इकडे. माझ्यासमोर ठेव. हे कसलं फडकं?

विमला : सकाळी गडग्यावर घडी करून ठेवलेलं होतं. मलकाबाईंनीच ठेवलं असणार. केतकीचं रडणं ऐकलं असेल त्यांनी.

दानियलकाका : सिमसनचा मलमलचा सदरा आहे हा. ही काजं बघ.

विमला : म्हणजे बाबांना हीच पट्टी ठेवली होती?

दानियलकाका : असेल. नाहीतर आज तुझ्या पोरीसाठी फाडलंन. मला काय कळतंय.

विमला : मला काहीच कळेनासं झालंय.

दानियलकाका : भिजव. पीळ नीट. कपाळावर फक्त. नाक मोकळं राहू दे. हां.

विमला : डोळे मिटले हिने.

दानियलकाका : श्वास बघ की. पोट हलतंय. झोपली ती. तू पण हात सैल सोड जरा.

विमला : काका, फडकं ठेवून गेल्यापासून ते दार उघडलेलं नाही. मी तीनदा बघितलं. धूरसुद्धा नाही चुलीचा.

दानियलकाका : प्रार्थनेला जातोच आहे मी.

विमला : प्रार्थना मागाहून वाचा. आधी बघा, त्या बऱ्या आहेत ना.