पाचशे वॅटचं वजन

२००७ साली राजारामपुरीतल्या कम्प्युटरच्या दुकानात माझ्या पुढं हुपरीचे एक चांदी कारागीर आणि त्यांची लेक श्रुती उभी होती.

“भारीतलं ग्राफिक्स कार्ड घेतलंय न्हवं? मग ह्यो पॉवर सप्लाय घ्या, पावणं. पाचशे वॅटचा हाय.”

“हातात लईच हलका लागतोय की.”

“वजनावर घ्यायला ही काय चांदी हाय व्हय?”

“पप्पा, हलक्यात आत माल कमी असतोय. लोड आला की कार्ड जळंल.”

“ताई, डब्यावर पाचशे छापलंय, वाचा की.”

“छाप तर आम्ही बी पैंजणावर मारतोय. तुमच्या सोताच्या कम्प्युटरात कुठला हाय?”

“त्यो येगळा हाय.”

“जड हाय का हलका?”

“जड हाय.”

“मग तसला काढा. ह्यो आमच्या मागच्या पावण्यास्नी दावा.”