पांढरे हातमोजे

शिकागोतल्या आमच्या काळ्यांच्या वस्तीतला पहिला सिनेनट, लुशियस, गेला. अंत्यदर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे त्याची बहीण ओडेसा होती. शवपेटीपाशी येताच तिने अंत्यविधीवाल्या पेटिफर्डना हाक मारली.

“हे हातमोजे कुणी घातले?”

“मीच, ताई. मानाच्या माणसाला आपण घालतोच की.”

“जन्मभर सिनेमात हेच घालून गोऱ्यांपुढे ट्रे धरला त्याने.”

“पण टीव्हीवर तो दिसला की माझी आई अख्ख्या गल्लीला फोन करायची.”

“आमचीही करायची. तो मात्र उठून बाहेर जायचा. काढा ते.”

“बोटं ताठलीत, ताई. निघणार नाहीत.”

“मग कात्री आणा.”

“अहो, लोक बघताहेत.”

“बघू देत. त्याचे हात कुणी बघितलेत कधी?”