तालुक्यातून मागणी : एक

हेमलता : अहो, पण मी गाडी बोलावलेलीच नाही. मला भूगावला जायचंय, बसची वाट बघतेय मी. तुमचा काहीतरी गोंधळ झालाय.

रुपाली : गोंधळ न्हाई, म्याडम. बसा तुमी. बस आत्ताच गेली, दुसरी यायला तास जाईल.

हेमलता : भाडं किती घेणार ते आधी सांगा.

अनुसया : भाड्याचं सोडा हो बाई. आमी मालेला चाललो व्हतो, घरला. पार फाट्यापतुर गेल्याली गाडी हिनं गरकन फिरवली. मी म्हनलं, अगं कुटं चाललीस उलटी? तर म्हनली, आत्या, मागं थांब्यावर त्या उभ्या व्हत्या. हेमलता म्याडम.

हेमलता : माझं नाव कसं माहीत तुम्हाला?

रुपाली : तुमच्या टेबलावर पाटी व्हती की. मी रुपाली. ह्या माझ्या सासूबाई, अनुसयाबाई.

हेमलता : हे बघा, ऑफिसचं काही काम असेल तर आधीच सांगते, मी रिटायर झाले. चार महिने झाले. आता माझ्या हातात काही नाही. माझाच पेन्शनचा एक कागद अडकलाय, आजची तिसरी फेरी. साहेब रजेवर. सोमवारी या म्हणाले.

रुपाली : काम काय न्हाई. आमचं काम तुमी दोन वर्सांमागंच करून ठेवलंय. बसा, पुढं बसा.

(हेमलताबाई पुढच्या सीटवर बसतात. गाडी पौडहून भूगावच्या दिशेने निघते.)

हेमलता : चालू केलीत का गाडी?

अनुसया : चाललीया बी! मला बी पैल्यांदा असंच झालं. मी आपली वाट बघतीया कवा घुरघुरती, कवा घुरघुरती, तवर गिरणी मागं गेली.

हेमलता : म्हणजे विजेची आहे ही. तरीच मघाशी हिरवी पाटी दिसली. आमच्या त्या योजनेतली? बायकांसाठीची?

रुपाली : व्हय. तालुक्यातली पैली. सरकारनं हिस्सा घातला म्हनून झाली. न्हाईतर मी कुटली गाडी घेतीया. लवळ्याला होस्टेलच्या मेसमदी पोळ्या लाटायचे मी. रोज हजारभर. सात वरसं.

अनुसया : खांदा गेला हिचा. केस इंचरायला हात वर जाईना. डाक्तर म्हनला, लाटनं बंद. आता मेसवाला बसून पगार देतोय व्हय?

रुपाली : मेसचा भाजीचा टेम्पो व्हता, त्याच्यावर गाडी शिकले व्हते. तेवढंच काय ते येत व्हतं. पेपरात योजनेचं वाचलं आन् अर्ज घिऊन आले. शेवटचा दिवस व्हता. आठवतंय का, म्याडम?

हेमलता : खरं सांगू? नाही आठवत. वाईट वाटून घेऊ नका. तेहतीस वर्षांत किती माणसं खिडकीशी आली असतील.

रुपाली : खिडकीत तुमी नव्हताच. दुसरे भाऊसाहेब व्हते. ते म्हनले, गाडी चार्ज करायची जागा दाखवा, लाइटबिल तुमच्या नावावर न्हाई. बिल सासऱ्यांच्या नावावर, ते वारलेले. म्हनले, नावावर करून आना. आता ते काय एका दुपारात व्हतंय? मी जिना उतरले आन् खालच्या पायरीवर बसले. रडले बिडले न्हाई.

अनुसया : रडली आसंल.

रुपाली : आत्या, तुमी नव्हता तितं.

अनुसया : नव्हते, पर डोळं बघितलं म्यां सांजला.

रुपाली : तर मागनं तुमी आला. जिन्यानं खाली. पायात चप्पल पन नव्हती.

हेमलता : मी? अनवाणी?

रुपाली : टेबलाखाली काढल्याली आसंल. मला म्हनला, "नियमात 'मालकी' लिहिलेलं नाही. 'संमती' लिहिलंय. ज्याच्या नावावर मीटर आहे अशा कुणाचीही संमती चालेल. गावात कोण देईल?" मी म्हनलं, कोन देनार? मग तुमीच इचारलं, "गावात सगळ्यात जास्त वीज कुणाकडे आहे?"

अनुसया : आन् मालेमदी ती एकाच ठिकानी. रंभाबाईची भातगिरणी.

रुपाली : मी म्हनलं, म्याडम, मालेला जाऊन परत यायला अंधार पडंल. ऑफिस पाचला, साडेपाचला बंद. तर तुमी म्हनला, "रजिस्टरला रेघ मी मारते. मी रेघ मारेपर्यंत दिवस संपत नाही. पळा."

हेमलता : असं म्हणाले मी?

रुपाली : रोज आठवतंय मला ते.

अनुसया : आली ती दुधाच्या टेम्पोत बसून. मला म्हनली, आत्या, रंभाकाकीकडं चला. मी म्हनलं, येडी का खुळी? ती देनार न्हाई. आमच्या वस्तीतलं कुनी गिरणीच्या ओट्यावर कवा टेकलं बी न्हाई. पोतं द्यायचं, लांब उभं ऱ्हायचं, पीठ-तांदूळ घ्यायचं, चालायला लागायचं. तितं गाडी लावू द्या म्हनायचं?

हेमलता : मग?

अनुसया : मग काय. हिनं सगळं सांगितलं. रंभाबाईनं गिरणी बंद केली, हात झटकलं, आन् इचारलं, "वायर किती लांब हाय तुज्या गाडीची?" बास. दुसरं काय बोलली न्हाई. कागद घेतला आन् अंगठा उठवला.

हेमलता : थांबा. कोंडा!

रुपाली : काय?

हेमलता : त्या कागदाला कोंडा लागलेला होता. तांदळाचा. अंगठ्याच्या ठशात तो चिकटला होता, मी फुंकून काढला. अहो, तो कागद आठवतोय मला! आणि त्या दिवशी माझी बस चुकली होती. पावणेसात झाले होते ना?

रुपाली : सात वाजून गेलं व्हतं. तुमी एकट्याच बसला व्हता. शिपाईमामा बाहेर चाव्या घिऊन.

हेमलता : तो कागद कशाला जोडला होता, तेही आठवलं. रुपालीताई, जरा बाजूला घेता का गाडी? आता मी एक सांगते, ते नीट ऐका.

रुपाली : घेतली. सांगा.

हेमलता : त्या दुपारी मी तुमच्या मागे जिना उतरले, ते काही फार मोठ्या मनानं नव्हे. माझ्या टेबलावर एक पत्र टाइप करून ठेवलेलं होतं. 'सदर योजनेस तालुक्यातून मागणी शून्य. निधी परत करण्यात येत आहे.' साहेब म्हणाले होते, खेड्यात कोण घेतंय विजेची गाडी? आणि मलाही तेच वाटत होतं. महिनाभर एक अर्ज नाही. फोन यायचे, तेही चेष्टेचे. बॅटरी संपली की बैल देणार का सरकार, असं विचारायचे.

अनुसया : आमच्याकडं बी तेच. ताम्हिणीच्या चढाला मागं सरकंल. पावसात करंट मारंल.

हेमलता : मी ते पत्र पाकिटात घालत होते. तेवढ्यात भाऊसाहेबांचा खिडकीतला आवाज ऐकला, नावावर करून आणा. म्हटलं, म्हणजे कुणीतरी आलंय. शून्य नाहीये. मी उठले, चप्पल शोधत बसले नाही.

रुपाली : मग ते पत्र?

हेमलता : शून्य खोडून एक करता येत नाही हो, पत्रच नवीन करावं लागतं. तुमचा अर्ज रजिस्टरला चढवला आणि त्याच रात्री घरी हातानं लिहून काढलं. 'तालुक्यातून मागणी आहे. मुदत वाढवून मिळावी.' मिळाली. निधी इथंच राहिला. तुम्ही मला धन्यवाद द्यायला गाडी फिरवलीत, पण त्या दिवशी तुम्ही कागद घेऊन परत आला नसतात, तर ते शून्याचं पत्र माझ्या सहीनं गेलं असतं.

रुपाली : मला तर वाटत व्हतं, मी एकटीच अडकले व्हते.

हेमलता : मुदत वाढल्यावर बरेच दिवस दुसरा अर्ज नव्हता. मग एकदम यायला लागले. का ते मला कधीच कळलं नाही.

रुपाली : ते ह्यांच्यामुळं. सांगा, आत्या.

अनुसया : आता माजं काय सांगायचंय त्यात.

रुपाली : म्याडम, गाडी आली तर कुनी बसंना. मी माले ते पौड रिकामी जायची, रिकामी यायची. लोक थांब्यावर उभे, हात दाखवला तरी मान फिरवायची. आठ-दहा दिवस गेलं. मी म्हनलं, झालं, गाडी परत घ्या म्हनायची येळ आली.

अनुसया : रिकाम्या गाडीत कुनी बसत न्हाई. रिकाम्या हाटेलात कुनी खातंय का? म्हनून मी बसले. लेकीनं, धम्मदीपानं घेतल्यालं चांगलं लुगडं नेसले, डोक्याला त्याल लावलं आन् सकाळच्या पैल्या खेपेला मागं बसले. पौडाला जायाचं, च्या प्यायचा, परत यायाचं. परत बसायचं. अकरा दिस.

हेमलता : अकरा दिवस नुसत्या बसून?

अनुसया : नुसत्या कशाला? काच खाली करून बसायचे. थांब्यावरच्या बायांस्नी हात करायचे. कुनी इचारलं, कुटं चालला, तर म्हनायचे, दवाखान्यात. तिसऱ्या दिशी शारदा म्हनली, अनुसयाबाई, लई आजारी दिसताय. म्हनलं, तर काय, पर गाडीत बसलं की बरं वाटतंय!

हेमलता : आणि मग?

रुपाली : मग शारदाच बसली. आंबेमोहराचं पोतं घिऊन. उतरताना म्हनली, पोटातलं पानी हललं न्हाई. दुसऱ्या दिवशी तिच्या जावा. मग पौडच्या कालेजच्या पोरी. पोरींच्या आया म्हनायला लागल्या, बाई चालवतीया, जाऊ द्या. उन्हाळ्यात शारदानंच अर्ज केला. पोतं घिऊन बसायची ती गाडी घिऊन फिरतीया आता. मग आशालता. भुकूमची एक हाय. पिरंगुटच्या दोघी.

हेमलता : चार्ज सगळ्या कुठे करता?

रुपाली : दोघीतिघी अजून रंभाकाकीच्या गिरणीतच. तिनं वेगळं मीटर घेतलंय. दुपारी ह्या टायमाला दोन गाड्या लागलेल्याच आसत्यात.

अनुसया : आन् बाया ओट्यावर बसलेल्या. आमी बी.

हेमलता : आत्ता असतील?

रुपाली : आसतील की. का?

हेमलता : घरी माझी कुणी वाट बघत नाहीये. चार महिने रोज दुपारी खुर्चीत बसून विचार करते, की एवढे कागद केले, ते गेले कुठे. वळवा गाडी.

रुपाली : मालेला?

हेमलता : मालेला. पण नंतर सोडायला लागेल हं भूगावला. आणि भाडं मी देणार.

अनुसया : भाड्याचं नाव काढलं तर मी मधीच उतरन. आजारी बाई हाय मी.

रुपाली : पट्टा नीट लावा, म्याडम. वळवते.

हेमलता : खांदा आता कसा आहे तुमचा?

रुपाली : हात वर जातुया. आत्यांची येनी घालते मी.

अनुसया : लई घट्ट घालती.

हेमलता : अनुसयाबाई, तुम्ही आमच्या ऑफिसात हव्या होतात. योजना काढली की आधी तुम्हाला तिच्यात बसवायला पाहिजे होतं.

अनुसया : मला कोन घेतंय. सही पुरती येत न्हाई.

हेमलता : माझ्या सहीनं निघालेली पत्रं कुणी दोनदा वाचली नाहीत. तुम्हाला अख्ख्या थांब्यानं बघितलं.

रुपाली : म्याडम, सोमवारी किती वाजता निघायचं तुमाला पेन्शनच्या कागदासाठी? मी भूगावास्नं घेते.

हेमलता : नको हो, कशाला उगाच.

रुपाली : मी येनार हाय. साहेब येईस्तवर बसते तुमच्यासंगं. आमाला बसायची सवय हाय.

हेमलता : …दहाला या.

अनुसया : ती बघा गिरणी. पांढऱ्या दोन गाड्या. आन् ती दारात कपाळाला आडवा हात लावून बघतीया, ती रंभाबाई. हाक मारू नका, गिरणी चालू हाय, ऐकू जायचं न्हाई.

रुपाली : सावकाश उतरा, वायर हाय पायात. ए, हिकडं या गं! बघा कोन आलंय! म्याडम, ह्या—

हेमलता : थांबा, नावं सांगू नका. अर्ज मीच तपासलेत. त्या कोपऱ्यातल्या, त्या शारदा. आणि या, हिरव्या साडीतल्या… आशालता.

अनुसया : अगं बाई, वळखलं की!

रुपाली : मला न्हाई वळखलं, आन् ह्यांना बरं वळखलं?

हेमलता : तुमच्या वेळेपर्यंत मी नुसते कागद बघायचे. नंतर आलेल्या अर्जांवरचे फोटो बघत बसायचे. म्हणायचे, ही कोण असेल, गाडी घेऊन कुठे जाईल.

अनुसया : मग? दिसत्यात का फोटोवानी?

हेमलता : नाही. फोटोत कुणीच हसत नव्हतं.