तारपेवाले काका वळले

मी जराशा आवाजालाही दचकते. तरी कॉलेजात सगळ्यांनी मिळून तारपा नाच करायचं ठरलं, तेव्हा दुधनी गावच्या, माझ्या वर्गातल्या सुनीताने मला रांगेत सगळ्यात पुढे उभं केलं.

"भित्री पुढेच बरी, काकांच्या नजरेसमोर राहशील," ती म्हणाली. दुधी भोपळ्याचा तो लांबलचक तारपा तिचे काकाच वाजवणार होते, आणि त्यांचं निम्मं गाव बघायला सिल्वासाला आमच्या कॉलेजात आलं होतं.

"स्टेप्स किती मोजायच्या?" मी विचारलं.

"मोजायच्या नाहीत गं. काका जातील तिकडे जायचं."

माझ्यामागे हेतल, तिच्यामागे नरोलीची पूजा, सगळ्यांचे हात एकमेकींच्या कमरेला. काकांनी तारपा फुंकला तो थेट माझ्या कानाशी. मी दचकून भलतीकडेच वळले.

"अरे, किधर?" हेतल कुजबुजली. पण हात सोडायचे नव्हते, त्यामुळे अख्खी रांग माझ्यामागे. काकांचा नाच मी त्यांच्याच गावासमोर मोडला होता.

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग ते सूर न तोडता गर्रकन वळले आणि चार पावलांत माझ्यापुढे आले. रांग पुन्हा त्यांच्या मागे. बघणाऱ्यांना वाटलं, असंच बसवलंय.

नंतर मी रडवेली होऊन माफी मागायला गेले.

"चुकलीस कुठे?" काका म्हणाले. "तारपा वळला की तीच वाट बरोबर. फक्त पुढच्या वेळी आधी सांग पोरी, गुडघे म्हातारे झालेत माझे."