बहिणीचं बरं चाललंय, क्लासचं नाही

नाही, मला एक सांगा, जी सायकल जागची हलत नाही तिला गाणं कशाला पाहिजे हो? पंख्याला लावतो का आपण गाणं? शिलाई मशीनला लावतो? तीही जागच्या जागीच फिरतात, बिचारी निमूट फिरतात! पण आमच्या स्पिनिंगच्या क्लासात... थांबा, स्पिनिंग म्हणजे सूतकताई नव्हे, माझ्या मावशीला अजून तेच वाटतं, भेटली की विचारते, "किती सूत निघालं रे आज?"... स्पिनिंग म्हणजे जिमच्या बंद खोलीत, दिवे मंद करून, ओळीने मांडलेल्या सायकलींवर बसायचं आणि पाऊण तास कुठेही न जाता घामाघूम व्हायचं. आणि समोर तोंड करून जो ओरडतो ना, "चला, चढण आली! खुंटी पिळा! अजून पिळा!" तो मी. आता चढण कुठली? समोर भिंत असते! खुंटी पिळली की चाक जड होतं, ती आमची चढण. आणि ती खरी वाटावी म्हणून गाणं.

तुम्हाला सांगतो, सायकल जागची हलत नाही, पण गाणं चुकलं की माणसं ताबडतोब हलतात. थेट दाराबाहेर!

एक दाताचे डॉक्टर येतात. म्हणाले, "सर, हा तुमचा ठेका अगदी माझ्या ड्रिलसारखा आहे हो, दिवसभर तेच ऐकून इथे येतो, इथेही तेच." बरं, ठेका बदलला. तर दोघी जावा येतात, एकाच घरातल्या, शेजारशेजारच्या सायकलींवर बसतात आणि एकमेकींशी अवाक्षर बोलत नाहीत. जे बोलायचं ते माझ्यामार्फत. थोरली म्हणणार, "सर, काहींना धांगडधिंगाच आवडतो, त्याला आपण काय करणार?" की लगेच धाकटी, "सर, काहींना सायकलवर झोप काढायची असते, त्यांना अंगाई लावा!" मी मध्ये. घामाने नव्हे, भीतीने भिजलेला.

एकेक सायकल रिकामी व्हायला लागली. शेवटी जिमच्या मालकीणबाईंनी बोलावलं. बाई कधी आवाज चढवत नाहीत, तेच तर वाईट. अगदी मायेने म्हणाल्या, "हे बघा, महिनाभर बघू. नाहीतर त्या खोलीत मी मसाजच्या खुर्च्या टाकते." म्हणजे बघा! माझी नोकरी जाणार आणि माझ्या जागी कोण? खुर्ची!

घरी आलो तर घरात वेगळंच सुतक. माझी धाकटी बहीण आमच्याकडेच असते, माझ्या आणि बायकोबरोबर. तिचं ठरलेलं लग्न मोडलेलं. मुलाने मेसेज पाठवला, "मला अजून स्वतःला शोधायचं आहे." अहो, सहा फूट उंच माणूस! शोधायचं काय त्यात? दारातून आत येताना चौकटीला डोकं आपटायचा, त्याला तो कुठे आहे ते माहीत नाही? पण बहीण मात्र मोडून पडली. दिवसभर सोफ्यावर, कानात हेडफोन, डोळे छताकडे. जेवायला हाक मारली तर एक हेडफोन काढून म्हणायची, "भूक नाही, दादा," आणि परत आत.

बायको म्हणाली, "एवढी गाणी ऐकतेय, तुझ्या क्लासची निवड तिला करू दे. तिचं मन रमेल, तुझं डोकं मोकळं होईल."

आता मी गाणी कशी निवडायचो? मोजून! उताराला धाडधाड, चढणीला धड्... धड्... शब्दांकडे आपलं लक्षच नाही. बहिणीने दोन दिवसांत यादी पाठवली, मी न ऐकताच क्लासात लावली. पहिल्याच गाण्यात कुणीतरी कुणालातरी सोडून गेलेलं. दुसऱ्यात तो का गेला याचा विचार. तिसऱ्याला चढण, तर गाणारी म्हणतेय, मी तुझ्यासाठी काय नाही केलं! मी ओरडतोय, "पिळा खुंटी!" आणि समोर बघतो तर... डॉक्टर रडतायत. पेडल मारतायत आणि रडतायत! मागची रांग रडतेय. घाम पुसायचे नॅपकिन सगळ्यांच्या डोळ्यांना. आणि थोरल्या जाऊने, तुम्हाला सांगतो, स्वतःचा नॅपकिन काढून धाकटीला दिला! धाकटी म्हणाली, "राहू दे, ताई, तुम्हालाच लागेल." ताई! माझा पाय पेडलवरून सटकला.

मला वाटलं, संपलं. खुर्च्या आल्याच. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर बायकोला घेऊन आले. जावा सासूबाईंना घेऊन आल्या. लोक सांगायला लागले, काय हलकं वाटतं हो! पायही मोकळे, छातीही मोकळी! सायकल जागची हलत नाही, पण माणसं आतून हललेली, असलं काय काय बोलायला लागले. मालकीणबाईंनी आणखी सायकली आणल्या. लोक आठवडा आठवडा आधी नाव नोंदवायला लागले. आणि मी? मी घरी गेलो की हळूच विचारायचो, "काय गं, आज कसं वाटतंय?" ती म्हणायची, "कसंतरीच." आणि माझ्या पोटात... आता तुमच्यापासून काय लपवायचं... जरा बरं वाटायचं.

आणि मग स्पीकर फाटला. एवढं रडं त्याला झेपलं नाही. दुरुस्तीला एक स्पीकरवाला आला. शांत, उंचीने बेताचा, खिशाला पेचकस. स्पीकर जोडला आणि तपासायला आमचीच यादी लावली. मी पाणी पिऊन येतो तर हा पेचकस हातात धरून नुसता उभा. म्हणाला, "ही गाणी कुणी निवडलीयत?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीने." तो म्हणाला, "हे चौथं गाणं तिसऱ्याच्या आधी हवं होतं. रागाच्या आधी माणूस गप्प होतो." मी घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. गंमत म्हणून! तर बहिणीने दोन्ही हेडफोन काढले. दोन्ही! आणि म्हणाली, "कोण म्हणालं असं?"

झालं. पुढचं सांगायला नको. स्वयंपाकघरातून गुणगुणणं यायला लागलं. जेवायला बसली की दुसऱ्यांदा भात मागायला लागली. बायको आनंदात. मीही आनंदातच हो, भाऊच आहे मी, राक्षस नाही! पण त्या आठवड्याची यादी आली... नुसती बासरी! पाखरं काय, पहाट काय! क्लासात लोक पेडल मारायचे थांबले आणि नुसते हसत बसले. चढण आली तरी कुणी खुंटीला हात लावेना. जावांचं परत फाटलं. तेही कशावरून, तर "ताई" म्हणायचं का बंद केलं यावरून!

डॉक्टरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सर, बहीण बरी आहे ना तुमची?"

"अगदी छान आहे, डॉक्टर."

"अरेरे!"

मालकीणबाई म्हणाल्या, अगदी मायेने, "बघा काही होतंय का." काय होतंय का? बहिणीचं लग्न मोडू परत? तुमच्या खुर्च्यांपायी? बोललो नाही मी असं. म्हटलं, "बघतो."

आणि हे "बघतो" डोक्यात घेऊन रविवारी घरी बसलेलो, तर स्पीकरवाल्याचे आईवडील लग्नाची तारीख ठरवायला आलेले. भली माणसं. वडील म्हणाले, "पुढच्या महिन्यातच उरकून टाकू." आणि माझ्या तोंडातून, देवाशप्पथ मी ठरवलेलं नव्हतं, निघून गेलं, "एवढी घाई काय आहे? आधी जरा भांडू दे ना दोघांना!"

कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला. स्पीकरवाल्याची आई माझ्याकडे बघतेय, वडील छताकडे बघतायत. बहीण मात्र हसत सुटली, तिला त्या दिवसांत काही लागतच नव्हतं. पण बायको हसली नाही. पाहुणे तारीख पक्की करून गेले, दार लागलं, आणि ती म्हणाली, "ती परत जेवायला लागलीय आणि तुला सायकली दिसतायत?"

बस. तेवढंच. त्यानंतर अबोला. जे बोलायचं ते बहिणीमार्फत. "तुझ्या दादाला सांग, डबा भरलाय." मी शेजारीच उभा! "वहिनीला सांग, कळलं."

बहिणीची माफी मागितली मी. खरंच मागितली. ती म्हणाली, "अरे, मला काही वाटलं नाही, दादा. पण वहिनी माझ्यासाठी त्या सोफ्याशेजारी किती वेळ बसायची, तुला माहितीय? काही न बोलता, नुसती." मला नव्हतं माहीत. मी तेव्हा क्लासात असायचो ना... टाळ्या घेत.

क्लासासाठी गाणी तर हवीच होती. बहीण म्हणाली, माझ्याकडे आता फक्त आनंदाची आहेत. मग बसलो मीच, रिकाम्या खोलीत, एका सायकलवर, कानात हेडफोन. पेडल मारत नव्हतो. आणि पहिल्यांदाच ठेका न मोजता नुसते शब्द ऐकले. एका गाण्यात एक माणूस स्वतःच्याच घराच्या दाराशी उभा आहे, दार उघडंच आहे, आणि त्याला आत जायची लाज वाटतेय. एवढंच. तुम्हाला सांगतो, सायकल जागची हलत नव्हती, मीही हलत नव्हतो, पण नाक पुसायला नॅपकिन सापडेना.

तेच गाणं मी चढणीला लावलं. मागची रांग रडली. पुढची रडली. जावांनी एकच नॅपकिन दोन टोकांनी धरला. क्लास संपल्यावर डॉक्टर धावत आले, डोळे लाल, चेहरा उजळलेला. "सर! मोडलं का?"

"नाही हो. बहिणीचं बरं चाललंय. हे माझं घरचं आहे."

"वा! वा वा वा!" आणि माझा हात हातात घेऊन दाबला माणसाने!

परत सगळं भरलं. मालकीणबाई खुर्च्यांचं नाव काढेनात. आणि काल संध्याकाळी घरी गेलो तर बायको स्वतःहून दोन कप चहा घेऊन आली. समोर बसली. खूप दिवसांनी सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ दे. तुझं तोंड बघवत नाही मला. मिटवून टाकू."

किती बरं वाटावं! वाटलंच की! डोळे भरून आले माझे. आता एवढ्यावर माणसाने काय म्हणावं? "हो" म्हणावं. एका अक्षराचं काम! आणि मी म्हणालो, "शनिवारचा क्लास तेवढा होऊ दे ना, मग मिटवू."

ती उठली. कप उचलले. दोन्ही. माझा भरलेला होता हो!

आता काय... वर्षभराच्या गाण्यांची सोय झाली.