आमचंबी बंद हाये

सोलरचा फायदा किती झाला, असं विचारताय ना? सांगते, पण आधी माझी फजिती ऐका.

शिकून परतवाड्याला परत आले, नोकरीला लागले आणि पगारातली सगळी शिल्लक घालून घराच्या छतावर सोलर बसवलं. उन्हाळ्यात चार हजारांवर जाणारं बिल पहिल्याच महिन्यात दोनशेच्या आत आलं. बाबा लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, त्यांचा या काचांवर काडीचाही विश्वास नव्हता. मी मात्र ते बिल गल्लीभर दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी भरदुपारी लाइट गेली, आणि आमचा कूलरही थांबला.

शेजारचे काका फाटकातूनच ओरडले, "काहून वं पोरी, तुमचीबी गेली? मंग एवढा पैसा छतावर कायले ठेवला?"

बाबा माझ्याकडेच पाहत होते. मी म्हटलं, "बाबा, आपली जास्तीची वीज खांबावरच्या तारेत जाते. लाइट गेल्यावरही ती जात राहिली, तर दुरुस्ती करणाऱ्याला शॉक बसेल. म्हणून सोलर आपोआप बंद होतं."

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. बंद समजून धरलेल्या तारेत कुणाच्या तरी जनरेटरचा करंट आला होता.

मग ते फाटकाशी गेले. "बंदच पायजे, भाऊ. वर माणूस असते."

आता लाइट गेली की काकांनी विचारायच्या आत बाबाच ओरडतात, "आमचंबी बंद हाये!" दोनशेचं बिल मीही इतक्या तोऱ्यात दाखवलं नव्हतं.