भिंतीपलीकडचं टेबल

काकू: मला एवढंच सांगा, त्या छोट्या डब्याएवढ्या संगणकाला वायरी किती?

दुकानदार: डबा तळहाताएवढाच आहे, काकू. पण पडदा वेगळा. म्हणजे पडद्याची एक वायर, डब्याची एक, दोघांना जोडणारी एक. कॅमेरा घेतलात तर त्याची आणखी एक, स्पीकरची...

काकू: पुरे, पुरे. आणि त्या ऑल-इन-वनला?

दुकानदार: एकच. सगळं पडद्याच्या मागेच बसवलेलं. कॅमेरा, स्पीकर आतच. प्लग लावला की सुरू.

काकू: मग विषय संपला. खिडकीपाशी माझं टेबल केवढंसं ते! त्यावर जाळं कोण विणत बसणार? ऑल-इन-वनच द्या.

कप्तान: विषय संपला कसा? पलंगावर पडलेल्या माणसाचं मत विचारायचंच नाही, असं ठरलंय का या घरात?

काकू: विचारलं नाही तरी तुम्ही देता की. सकाळपासून तेच चाललंय.

दुकानदार: बोला ना, कप्तान. तुम्ही एवढी बोट चालवलेली माणसं.

काकू: कप्तान कसले! ती पदवी गल्लीने दिलीय. बोटीवर हे नकाशे बघायचे. आता डावीकडे, आता उजवीकडे, हे सांगायची नोकरी.

कप्तान: मी नसतो तर कप्तान बोट घेऊन वाळूत बसला असता. तर ऐका. ऑल-इन-वनचा पडदा गेला की अख्खं यंत्र गेलं. डब्याचं तसं नाही. डबा बिघडला तर डबा बदला, पडदा बिघडला तर पडदा. आपला जुना पडदा अजून ठणठणीत आहे, मेलाय तो फक्त संगणक. उगाच चांगली वस्तू कशाला फेकायची?

दुकानदार: काकांचं म्हणणं खोटं नाही हां. डब्यात मेमरीसुद्धा वाढवता येते पुढे.

काकू: मला कशाला हवी वाढीव मेमरी? डॉक्टर बोललेलं ऐकायचं आणि टाइप करायचं. रोग्याचं नाव, रोगाचं नाव, औषधाचं नाव. दोन दिवस यंत्र बंद आहे, कामं नुसती साचलीत. आणि जुना पडदा ठणठणीत कुठला? कडेला पिवळा पडलाय.

कप्तान: मग इथल्या टीव्हीला जोडू. डबा टीव्हीच्या मागे स्क्रूने बसतो. हो ना हो? टेबलावर काही दिसणारसुद्धा नाही. अक्षरं ही एवढाली! तुझ्या डोळ्यांना किती आराम.

काकू: टीव्हीला? म्हणजे या खोलीत?

कप्तान: टीव्ही इथे आहे म्हटल्यावर इथेच.

काकू: काहीतरीच तुमचं. माझं टेबल तिथे आहे, खुर्ची तिथे आहे.

दुकानदार: काकू, तुम्ही एक काम करा. टेबलाचं माप घेऊन या. माप कळलं की कुठलं बसतं ते मी लगेच सांगतो.

काकू: आणते. पण हे माझ्यामागे काय सांगतील त्यावर जाऊ नका.

(काकू टेप घेऊन बाहेरच्या खोलीत जातात.)

कप्तान: इकडे या. जवळ या जरा. ते ऑल-इन-वन मिळत नाही म्हणून सांगा.

दुकानदार: अहो, दुकानात तीन पडून आहेत! सकाळीच फोनवर काकूंना बोललोय.

कप्तान: मग दुसरं काहीतरी सांगा. खिडकीत ऊन येतं, उन्हाने तापेल, जळेल, असं.

दुकानदार: काका, तुम्ही मला खोटं बोलायला लावताय.

कप्तान: दुकानदारी करता ना? मग एवढं काय लाजताय.

दुकानदार: पण तुम्हाला त्या डब्याचं एवढं काय आहे?

कप्तान: आली. गप्प.

काकू: घ्या. तीन फूट लांब, दीड फूट रुंद. काय झालं? चेहरा का असा तुमचा?

दुकानदार: नाही, मी काय म्हणतो काकू, ऑल-इन-वन चांगलंच आहे. पण तुमच्या त्या खिडकीत ऊन फार. ऊन थेट पाठीमागून आलं की तापतं ते. मग एक दिवस धूर. कालच एका गिऱ्हाइकाचं...

काकू: कुठल्या खिडकीत ऊन फार?

दुकानदार: तुमच्या. बाहेरच्या.

काकू: त्या खिडकीत ऊन येत नाही. बाराही महिने येत नाही. उत्तरेची खिडकी आहे ती. तिथे ओला रुमाल टाकला तर संध्याकाळी तसाच ओला मिळतो. हे तुम्हाला कोणी सांगितलं?

दुकानदार: मला वाटलं आपलं...

काकू: तुम्हाला नाही वाटलं. अहो, इकडे बघा. भिंतीकडे काय बघताय? तुम्हीच सांगितलंत ना?

कप्तान: मला वाटलं, येत असेल.

काकू: वाटलं! जगभरच्या समुद्रात उत्तर कुठे ते तुम्ही सांगायचात. आणि स्वतःच्या घरातली खिडकी कुठे तोंड करून आहे, ते माहीत नाही. माहीत असणार तरी कसं? तुम्ही त्या खिडकीत कधी बसलातच कुठे?

दुकानदार: मी जरा नंतर येऊ का?

काकू: बसा! खोटं बोलायला बसलात, आता खरं ऐकायलाही बसा. मला सांगा हो, कशासाठी हे सगळं? मला एक वस्तू मनासारखी घ्यावीशी वाटली, त्यात तुमचं काय बिघडलं?

कप्तान: काही बिघडलं नाही.

काकू: मग?

कप्तान: तू कानाला ते लावून बसतेस. मी हाक मारतो, तुला ऐकू येत नाही.

काकू: म्हणून तर घंटी दिलीय उशाशी.

कप्तान: घंटी वाजवली की तू धावत येतेस. काय हवं, विचारतेस. मला काहीच नको असतं. मग मी पाणी मागतो.

काकू: अगं बाई! म्हणून दिवसभर पाणी, पाणी...

कप्तान: दुसरं काय मागणार? बोटीवर असताना तुझी आठवण यायची, तेव्हा निदान घरी जायची तारीख ठरलेली असायची. आता घरातच आहे. तू भिंतीपलीकडे आहेस. तुझ्या बोटांचा आवाज येतो, टकटक, टकटक. आणि मला तुझी तितकीच आठवण येते. आता तारीख कुठली धरायची?

काकू: हे मला सरळ सांगता येत नव्हतं? टीव्ही काय, डबा काय, डोळ्यांना आराम काय!

कप्तान: आता सांगितलं ना. ये इकडे बसायला. टेबल इथे आणू.

काकू: नाही हो. तेवढं मागू नका.

कप्तान: का?

काकू: मला ती खिडकी सोडवत नाही. आयुष्य गेलं माझं तिथे. तुम्ही निघालात की त्या वळणापर्यंत दिसायचात, आणि परत आलात की त्याच वळणावर पहिल्यांदा दिसायचात. मधले महिने मी नुसतं वळण बघायची. अजूनही गाडी थांबली की माझी मान वर होते.

कप्तान: मी तर इथे आहे.

काकू: माहीत आहे.

कप्तान: मग वाट कोणाची बघतेस?

काकू: तुमचीच. बॅग खांद्यावर टाकून, शीळ घालत यायचात ना, त्या तुमची. नोकरी संपवून कायमचे आलात, म्हटलं आता कुठे सुरुवात झाली. तर चार महिन्यांत जिन्यावरून पडलात. एवढी वादळं पाहिलेला माणूस, घरच्या जिन्यावरून!

कप्तान: तो शीळवाला आता नाही यायचा गं.

काकू: मला का कळत नाही? पण मान ऐकते का माझी?

दुकानदार: काकू, लहान तोंडी मोठा घास घेतो. टेबल आत येत नाही, तर पलंग बाहेर नाही का जाणार?

काकू: पडल्या दिवसापासून सांगतेय मी यांना! ऐकतील तर ना.

कप्तान: बाहेर आल्यागेल्याचा राबता. रस्त्यावरून लोक बघणार. ज्यांनी मला ताठ चालताना पाहिलंय, त्यांनी असं आडवं बघायला नको मला.

दुकानदार: मी आत्ता आलो ना, तेव्हा रस्त्यावरून काकूंचं फक्त डोकं दिसत होतं. खिडकी उंच आहे. आडवा माणूस कुठून दिसणार?

काकू: हेसुद्धा यांनीच पढवलेलं का?

दुकानदार: आईशपथ, हे खरं आहे!

कप्तान: दाराचं काय? पलंग जाईल दारातून?

दुकानदार: उभा करून काढू. मी आणि माझा माणूस दोघं मिळून करतो. तुम्ही फक्त खुर्चीत बसून हुकूम सोडा. त्याचे पैसे नाहीत.

काकू: थांबा हो. आधी यांना ठरवू दे. मी जबरदस्ती करणार नाही.

कप्तान: आणि कोणी आलं तर?

काकू: आलं तर येईल. बसेल, चहा पिईल, जाईल. दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी त्यांनाही सवय होईल. मला झाली, तशी.

कप्तान: तुला झाली?

काकू: नाही झाली. पण तुम्ही बाहेर या.

कप्तान: बरं. काढा पलंग. आणि तिला तिचं ते ऑल-इन-वन द्या. डबा बिघडला तर बदलू म्हणत होतो, पण उठून बसायलाच दोन माणसं लागतात, मी कसला बदलतोय डबा.

दुकानदार: मग उद्या सकाळी घेऊन येतो. पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, ते ठरवून ठेवा.

काकू: दाराशेजारच्या भिंतीलाच लागेल, दुसरीकडे जागा नाही. अहो, पण आधीच सांगते. मी तोंड खिडकीकडे करून बसणार, कानाला ते लावून. बोलणं नाही काही नाही. तुम्हाला दिवसभर माझी नुसती पाठ दिसेल.

कप्तान: दिसू दे. आजवर तू माझी पाहिलीस.